कोलोनचं पाणी

मराठी माणसाला कोलोन हे शहर नकाशात सापडायच्या आधी कपाळावर सापडतं. निदान आमच्या पिढीला तरी ते तसंच भेटलं. घरात कुणाला ताप चढला, मिठाच्या पाण्याने उतरेना, की कपाटातली बाटली निघायची आणि युडीकोलनच्या घड्या सुरू व्हायच्या. फारिना नावाच्या इटालियन घराण्याने १७०९ मध्ये जर्मनीतल्या या गावात दुकान मांडलं, त्यांच्यातल्या एकाने संत्र्या-लिंबाच्या वासाचं पाणी तयार केलं, आणि त्या पाण्याला गावाचं नाव चिकटलं. ऱ्हाईन नदीकाठच्या एका इटालियनाने केलेलं फ्रेंच नावाचं पाणी सदाशिव पेठेतल्या तापावर का चालावं, हे मला कधी कळलं नाही. पण चालायचं खरं.

पुढे १९७६ साली नोकरीच्या निमित्ताने मी खुद्द त्या गावात राहायला गेलो. तिथे कळलं की युडीकोलन हे कोलोनचं बाहेरून लावायचं पाणी. आतून घ्यायचं पाणी वेगळं, आणि गावकऱ्यांचा खरा जीव त्यात.

इथे माझी कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. मी १९४९चा. मुंबईचा दारूबंदी कायदाही १९४९चाच. म्हणजे आम्ही जुळे भाऊ म्हणायचे. त्याआधी १९३९च्या ऑगस्टात काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा एक प्रयोग करून पाहिला होता. १९५०च्या एप्रिलपासून मात्र सगळ्या मुंबई राज्यात ती लागू झाली. आपल्या भाषेची गंमत अशी, की दारू चढते त्यालाही 'अंमल' म्हणतात आणि दारूबंदी लागू होते त्यालाही 'अंमल'च म्हणतात. दोन्ही अंमलांत माणसाला नीट दिसत नाही, असं पुढे काही लोक म्हणू लागले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या औषधांवरच्या आणि प्रसाधनांवरच्या तरतुदी रद्दबातल ठरवल्या, म्हणून आमच्या कपाटातलं युडीकोलन बेकायदा ठरता ठरता वाचलं. पिण्याच्या बाबतीत मात्र परवाना लागे, आणि तोही 'आरोग्य टिकवण्यासाठी'. त्या काळात मुंबईत प्रकृती नाजूक असलेली माणसं एकाएकी फार झाली होती, असं जुने लोक सांगतात.

आमच्या घरी ही भानगड नव्हती. आमचे वडील, म्हणजे अण्णा, हे १९३० साली अठरा वर्षांचे असताना दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंगला उभे राहिलेले. पुढे परळला गिरणगावात शाळामास्तर. घरात द्राक्षासव यायचं तेसुद्धा वैद्यांच्या चिठ्ठीवर आणि चहाच्या चमच्याने. अशा घरातला मी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जिथे पाण्यापेक्षा बिअर सहज मिळते अशा गावी जाऊन पडलो.

पहिला घोट मात्र कोलोनच्या बिअरचा नव्हता, पिल्सनरचा होता. आमच्या घरमालकांनी दिलेला. ते सत्तरीचे गृहस्थ, ट्रॅमच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच. घोट घेतला आणि मला थेट आमची आजीच आठवली. कारण ती दर पावसाळ्यात आम्हाला काडेचिराईताचा काढा पाजायची. तीच कडू, तीच जिभेच्या मुळाशी बसून राहणारी चव. फरक एवढाच, की आजी काढ्यावर गूळ द्यायची, आणि इथे लोक या काढ्यासाठी स्वतःहून पैसे मोजत होते.

या कडूपणाचं मूळ हॉप नावाच्या वेलीच्या फुलांत आहे. माणूस बिअर हजारो वर्षं पीत आलाय, पण हॉप त्या मानाने अलीकडचं. आधी युरोपात 'ग्रूट' म्हणून झाडपाल्याचं मिश्रण घालत. आणि ते विकण्याचा मक्ता बिशपांकडे नाहीतर सरदारांकडे असे. हॉपमुळे पेय नासत नाही, हे ज्या विद्वानांनी लिहून ठेवलं त्यांत एक बाई होत्या: बिंगेनची हिल्डेगार्ड, बाराव्या शतकातली ख्रिस्ती जोगीण. या बाईंनी हॉपविषयी आणखी एक नोंद केली आहे की त्याने मन उदास होतं. कोलोनमध्ये पहिला हिवाळा काढणाऱ्या कुणाही मराठी माणसाने या बाईंच्या निरीक्षणाखाली सही केली असती. दुपारी साडेचारला अंधार, रस्त्यात माणूस नाही, खोलीत बोलायला कुणी नाही, आणि घरून येणारं पत्र दहा दिवस जुनं. अशा वेळी उजेड आणि माणसांचा आवाज एकाच ठिकाणी असे: कोपऱ्यावरच्या बिअरच्या गुत्त्यात. मी तिथे गेलो तो तहानेने नव्हे.

आता तिथली रीत सांगतो. कोलोनच्या बिअरला 'क्योल्श' म्हणतात आणि तिथल्या बोलीभाषेलाही 'क्योल्श'च म्हणतात. पिता येते अशी जगातली ही एकुलती एक भाषा, हा गावकऱ्यांचा आवडता विनोद. बिअर फिकट सोनेरी, हलकी, आणि पेला किती मोठा? तर दोनशे मिलिलिटरचा, उभट, काठीसारखा. बाकीचे जर्मन या पेल्याला परीक्षानळी म्हणून हिणवतात. वाढपी निळ्या विणलेल्या सदऱ्यातला, त्याला 'क्योबेस' म्हणायचं. म्हणजे 'याकोब'चा अपभ्रंश, आपल्याकडे दामोदराचा 'दामू' होतो तसा. तुमचा पेला रिकामा दिसला की क्योबेस न विचारता दुसरा ठेवणार आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारणार. पुरे झालं तर ती चकती उचलून पेल्यावर झाकायची. 'नको' असं तोंडाने म्हणून उपयोग नाही. आमच्या कंपनीतला एक नागपूरकर पहिल्या दिवशी चांगला पंधरा मिनिटं हात जोडून 'नको, नको' म्हणत होता आणि क्योबेस प्रत्येक नमस्काराला एकेक पेला ठेवत होता.

क्योबेसचा स्वभाव मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. त्याच्याकडे साधं पाणी मागा. तो म्हणणार, "साबण आणि टॉवेलही आणू का?" हा माणूस लक्ष्मी रोडवर कापडाचं दुकान घालून बसला असता तर कुणालाही परका वाटला नसता. गिऱ्हाईक ही एक नाइलाजाने सोसायची आपत्ती आहे, हे तत्त्व जगात फक्त दोन शहरांना नीट समजलं. त्यांतलं एक ऱ्हाईनकाठी आहे.

शाकाहाऱ्यासाठी आणखी एक सोय. खाद्यपदार्थांच्या यादीत 'हाल्वे हान' असं लिहिलेलं असतं. शब्दशः अर्थ 'अर्धा कोंबडा'. मागवला तर येतो राईचा पाव, चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. कोंबड्याचं पीसही नाही. उलट 'क्योल्शर काविआर' या भारदस्त नावाखाली मिळतं ते रक्ताचं सॉसेज. म्हणजे ज्याचं नाव ऐकून शाकाहारी माणूस पळून जाईल ते त्याने निर्धास्त खावं, आणि ज्याने भुलेल त्याच्यापासून पळावं. वेदान्त यापेक्षा वेगळं काय सांगतो?

कोलोनहून चाळीसेक किलोमीटरवर ड्युसेलडॉर्फ. तिथली बिअर 'आल्ट', म्हणजे 'जुनी': तांबूस, जरा कडवट. दोन्ही बिअरी जुन्या पद्धतीच्या, वरती तरंगणाऱ्या यीस्टने आंबवलेल्या. पण दोन गावांत विस्तव जात नाही. कोलोनच्या गुत्त्यात आल्ट मागणं म्हणजे पुण्यात बसून मुंबईच्या हवेचं कौतुक करणं. या वैराचं मूळ विचारलं की कुणीही १२८८ सालच्या वोरिंगेनच्या लढाईचं नाव घेतो. मी ती लढाई मुद्दाम वाचून काढली, तर त्यात भलतंच निघालं. कोलोनचे नागरिक त्या लढाईत आपल्याच आर्चबिशपविरुद्ध लढले, आणि ड्युसेलडॉर्फचा धनी जो बेर्गचा काउंट, तो त्यांच्याच बाजूला होता! आर्चबिशप हरला, त्याचा शहरावरचा हक्क गेला. आणि जिंकलेल्या काउंटने त्याच वर्षीच्या ऑगस्टात ड्युसेलडॉर्फ या खेड्याला शहराचा दर्जा दिला. म्हणजे ज्या लढाईत दोघे खांद्याला खांदा लावून लढले त्याच लढाईचा दाखला देऊन सातशे वर्षं भांडताहेत. सातारा नि कोल्हापूर निदान खरोखर भांडले होते आणि १७३१ मध्ये वारणेची हद्द आखून मोकळे तरी झाले. इथे हद्द आखली ती बिअरमध्ये. १९८५ मध्ये कोलोनच्या चोवीस बिअर-कारखानदारांनी करार केला की 'क्योल्श' हे नाव आमच्या भागातल्या बिअरलाच. १९९७ मध्ये युरोपने त्यावर संरक्षणाचा शिक्का मारला.

मधली दोन वर्षं माझी बदली बव्हेरियात, म्युनिकला झाली. तिथे पेला नव्हे, एक लिटरचा रांजणच समोर येतो. तिथल्या बिअरभक्तांचा वेद म्हणजे २३ एप्रिल १५१६ रोजी दोघा बव्हेरियन ड्यूकांनी काढलेला शुद्धतेचा हुकूम: बिअरमध्ये बार्ली, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. ज्याच्यामुळे बिअरची बिअर होते तोच यादीतून गायब! लोकांना हा हुकूम म्हणजे पावित्र्याची पराकाष्ठा वाटते. पण त्याच कागदात बिअरचे भाव ठरवून दिलेत, आणि बार्लीच वापरायची म्हटल्याने गहू पाववाल्यांसाठी शिल्लक राहत होता. म्हणजे हा मुळात रेशनिंगचा कागद. आणि गंमत पुढेच आहे. गव्हाच्या बिअरची मक्तेदारी एका सरदारघराण्याकडे होती. ते घराणं १६०२ मध्ये निर्वंश झालं, हक्क ड्यूककडे आला, आणि मग गव्हाच्या बिअरवर सरकारी तिजोरी अशी भरू लागली की पावित्र्याची आठवण कुणी काढली नाही. १९८७ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की या नियमाचा हवाला देऊन परदेशी बिअर अडवता येणार नाही. त्या दिवशी म्युनिकमध्ये सुतकाचं वातावरण होतं असं माझ्या तिथल्या मित्रांनी कळवलं. सुतक बिअर पिऊनच पाळलं, हेही कळवलं.

बव्हेरियाचं माझ्यावर एक मोठं ऋण आहे, ते मी सांगितलंच पाहिजे. १५५३च्या हुकुमाने तिथे उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती. सप्टेंबरअखेर ते एप्रिल एवढाच मोसम. मग उन्हाळ्याची बिअर थंड तळघरांत साठवायची, तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची, आणि झाडं झाली की लोक सावलीला येऊन बसायचे. बिअर-बागा झाल्या त्या अशा. खाणावळवाल्यांनी तक्रार केली, की आमचं गिऱ्हाईक पळतंय. तेव्हा राजा मॅक्सिमिलियनने १८१२ मध्ये तोड काढली: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही विकू नये. लोक घरून डबा आणू लागले, आणि तो हक्क आजतागायत कायम आहे. १९९५ मध्ये एक बाग लवकर बंद करायचा निकाल आला तर हजारो म्युनिककर मोर्चाने रस्त्यावर उतरले.

घरचा डबा! जगात दुसऱ्या कुठल्या राजाने मराठी माणसाची एवढी काळजी घेतली असेल? आमचं नुकतंच लग्न झालेलं. बायको बिअरला स्पर्श करत नसे, पण डब्याच्या कायद्यावर तिची नितांत श्रद्धा बसली. दर रविवारी आम्ही थालीपीठ आणि लसणाची चटणी घेऊन चेस्टनटखाली बसायचो. शेजारच्या बाकावरच्या एका जाड्या काकू पहिल्या रविवारी लांबून बघत होत्या, दुसऱ्या रविवारी 'हे बटाट्याचं का?' म्हणून विचारायला आल्या, आणि तिसऱ्या रविवारी रिकामी ताटली घेऊनच आल्या. थालीपीठ आणि बव्हेरियन बिअर यांची जोडी कुणीतरी स्वर्गात जमवलेली आहे, हे माझं मत मी आजवर बदललेलं नाही.

वाइनकडे वळायला मला वेळ लागला. कारण वाइन म्हटली की तिच्यासोबत जाणकार येतात. पेला फिरवायचा, नाक खुपसायचं, आणि 'ओल्या पाटीचा वास', 'पिकलेल्या जरदाळूची सावली' असं काहीतरी म्हणायचं. पण कोलोनला परतल्यावर घरमालक मला एकदा मोझेल नदीकाठी घेऊन गेले. तिथे रोमन लोकांनी वेली लावल्या. नॉयमागेन गावी रोमन काळातलं दगडी शिल्प सापडलं, वाइनची पिंपं लादलेली वल्ह्यांची नाव. ते ट्रीरच्या संग्रहालयात आहे. द्राक्षांचे मळे असे उभे, की आपल्याकडे तिथे किल्ला बांधला असता. पाटीच्या दगडाचा डोंगर. दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. द्राक्ष रीसलिंग जातीचं. त्याची पहिली लेखी नोंद १४३५ सालची, ऱ्यूसेल्सहाइमच्या जमाखर्चाच्या वहीतली. जिथे पुढे मोटारी होऊ लागल्या तेच गाव.

त्या रीसलिंगचा घोट घेतला आणि मी पेला खालीच ठेवला. ही चव मला ठाऊक होती. आधी आंबट, मग मागून गोड, आणि शेवटी दोघांचा समेट. अहो, ही तर चिंचगुळाची आमटी! जाणकार म्हणतात तो आम्लाचा आणि साखरेचा तोल आमच्याकडे आज्या रोज सकाळी चुलीपुढे साधत आल्या आहेत, आणि त्यांना कुणी पदक दिलं नाही. ज्याची जीभ चिंचगुळावर वाढली त्याला मोझेलची वाइन शिकवावी लागत नाही. तशीच फ्रेंच तांबडी वाइन. लोक 'टॅनिन, टॅनिन' म्हणून घाबरवतात. टॅनिन म्हणजे तुरट. हिरडा, कच्चं केळं, जांभळाची बी. षड्रसांत तुरटाला मानाचं पान देणाऱ्या माणसाने त्याला काय घाबरायचं? त्या दशकात जर्मनीत हळूहळू कोरड्या, बिनसाखरेच्या वाइनची फॅशन आली आणि माझी आंबटगोड वाइन गावंढळ ठरली. मी ठाम राहिलो. फॅशन म्हणून आमटीतला गूळ कुणी सोडतं का?

याच रीसलिंगची एक गोष्ट आमच्या सरकारी नोकर मेहुण्याला फार आवडते. ऱ्हाईनकाठी योहानिसबेर्गचे मळे फुल्डाच्या बिशपच्या मालकीचे. तोडणीला त्याची लेखी परवानगी लागे. १७७५ साली परवानगी आणणारा घोडेस्वार म्हणे आठवडे उलटले तरी आला नाही. द्राक्षं वेलीवरच सुकली, बुरसली. शेवटी कागद आला, तशीच तोडली, आणि वाइन अशी झाली की त्या दिवसापासून उशिरा तोडायची प्रथाच पडली. तिथे त्या उशीर करणाऱ्या स्वाराचा पुतळा आहे! फाइल वेळेवर न आल्याने काम सुधारलं आणि उशीर करणाऱ्याचा पुतळा उभारला, असं दुसरं उदाहरण मेहुणा अजून शोधतो आहे.

१९८१च्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे महिनाभर राहायला आले. एकोणसत्तर वर्षांचे, खादीचा सदरा, डोक्यावर टोपी. मी बिअर पितो हे त्यांना पत्रांतून ठाऊक होतं. त्यांनी त्यावर एका अक्षराने काही लिहिलं नव्हतं, आणि ते न लिहिणंच मला वाचता येत होतं. घरमालकांना मात्र पाहुण्याची कोण हौस! 'तुझ्या वडिलांना आमचं गाव दाखवायचं तर गुत्त्यातच दाखवायला हवं' म्हणून हटून बसले. मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "चल की. दारात उभा राहिलोय पुष्कळ, आत कधी गेलो नाही."

आम्ही तिघे बसलो. अण्णांपुढे सफरचंदाचा रस. क्योबेसने पेले ठेवले, चकतीवर रेघा मारल्या. अण्णांनी ती चकती हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले.

"या रेघा मी पाहिल्यात," ते म्हणाले. "परळला गुत्त्याच्या भिंतीवर कोळशाने मारायचे. पगाराच्या दिवशी पुसायचे. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात हजेरी कमी असायची. पोरांना विचारलं तर सांगायची, 'रात्री बापाला आणायला गेलो होतो, गुर्जी.' एक पोरगा होता, गणितात पहिला. फीचे पैसे आईने डब्यात लपवलेले, तेही गेले. मी भरले दोन-तीनदा. मग शाळेतच येईना." थोडं थांबून म्हणाले, "याला सांग जर्मनमध्ये. टीका नाही म्हणावं, विचारलं म्हणून सांगतोय."

घरमालकांनी काही विचारलं नव्हतं. तरी मी सांगितलं, जमेल तसं. ते ऐकत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मला पाच वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांची आई दर शुक्रवारी त्यांचं बोट धरून कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायची. पगाराचं पाकीट बापाच्या हातात गुत्त्याआधी तिला गाठायचं असे. मग लढाई. १९४२च्या मेअखेरच्या एका रात्रीत हजारेक विमानांनी कोलोनवर बाँब टाकले. लढाईआधी गावात चाळीसवर बिअर-कारखाने होते. लढाई आणि तिच्या मागची पडझड यांतून दोन उरले. "गुत्ता पुन्हा उघडला," ते म्हणाले, "तेव्हा मी पहिला पेला घेतला तो प्यायला नाही. कोण कोण जिवंत आहे ते बघायला गेलो होतो."

मी हे मराठीत सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. घरमालकांनी आपला पेला संपवला आणि चकती उचलून त्यावर झाकली. दोनच पेले झाले होते, एरवी ते पाच घेत. अण्णांनी मला विचारलं, "झाकलं म्हणजे काय?" मी सांगितलं, "पुरे." तर अण्णांनी हात पुढे करून ती चकती काढून ठेवली. "माझ्यासाठी नको म्हणावं. पाहुण्याने यजमानाचा पेला बंद करू नये." क्योबेस तेवढीच वाट बघत होता. तिसरा पेला आला, तिसरी रेघ पडली. अण्णांनी आपला सफरचंदाचा रस उचलून त्यांच्या पेल्याला लावला. दोघांची भाषा एक नव्हती; पण दोघेही पगाराच्या दिवसाविषयी बोलत होते, एवढं क्योबेसलाही कळलं असावं. त्या दिवशी तो कुणावर खेकसला नाही.

घरी परतताना ट्रॅममध्ये अण्णा म्हणाले, "तू किती घेतोस?" मी म्हटलं, "तीन रेघा. छोट्या पेल्याच्या." ते म्हणाले, "मोजतोस ना? मग ठीक." तेव्हापासून माझं माप तेच आहे. बिअर कडू की गोड, वाइन कोरडी की आंबटगोड, यावर मी कुणाशीही रात्रभर वाद घालीन. पण तीन रेघांनंतरच्या चवीविषयी माझं काहीही मत नाही.

घरमालकांनी मला एकदा विचारलं होतं, 'तुमच्याकडे बिअर कुणी आणली?' मी सांगितलं, 'साहेबाने.' लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्यातली कडवट बिअर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पिंपांतून कलकत्त्या-मुंबईला यायची. त्यातूनच तो जगप्रसिद्ध 'इंडिया पेल एल' झाला. नाव इंडियाचं, पिणारा साहेब. पुढे कसौलीच्या थंड हवेत एडवर्ड डायरने बिअरचा कारखाना काढला. त्याचा मुलगा रेजिनाल्ड. १९१९चा जालियनवाला बागेतला तो जनरल. हे सांगितल्यावर घरमालक गप्प झाले. मग म्हणाले, "त्यात बिअरचा दोष नाही." मी म्हटलं, "नाही. पण आमच्या वडिलांच्या पिढीला पिंप दिसलं की साहेबच दिसायचा, यात त्यांचाही दोष नाही."

आता पुण्याला परत येऊनही पुष्कळ वर्षं झाली. अण्णा गेले, घरमालक गेले. दरम्यान आमच्या महाराष्ट्रात काय काय झालं! १९८०च्या दशकात नारायणगावच्या द्राक्षांची फेसाळ वाइन निघून परदेशी गेली. २००१ मध्ये राज्य सरकारनेच द्राक्ष-वाइनला उत्तेजन देणारं धोरण आणलं. नाशिककडे आता माणसं गोदेवर स्नानाला जातात तशी मळ्यांवर वाइन चाखायलाही जातात. युरोपात द्राक्षं शरदात तोडतात. आमच्याकडे जानेवारी ते मार्च, म्हणजे संक्रांतीच्या तिळगुळापासून होळीच्या पोळीपर्यंत. पुतण्या शनिवारी नाशिकची शेनिन ब्लांक घेऊन येतो, पेला फिरवतो, नाक खुपसतो, आणि मला पेरूचा वास शोधायला लावतो. मी त्याला चिंचगुळाची आमटी वाढतो आणि म्हणतो, आधी ही ओळख.

आणि माझा तो जुळा भाऊ, दारूबंदी कायदा? तोही हयात आहे. माझ्यासारखाच पंचाहत्तरी ओलांडलेला, माझ्यासारखाच ठिकठिकाणी सैल पडलेला. परवाना अजून लागतो बरं का! कायद्याला मान द्यायचा म्हणून मी तो घेतलाही. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, तहहयातचाही मिळतो. मी तहहयात मागितला. बायको म्हणाली, "या वयात वर्षाचाच पुरला असता." ही बाई बव्हेरियात जन्मली असती तर १५१६चा हुकूम हिनेच काढला असता.